मिक्सर न्यावा की तिथेच घ्यावा?

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी टोकियोला चालला आहे. मिक्सर, लॅपटॉप, राउटर इथूनच द्यावे की त्याने तिथे ऑनलाइन घ्यावे?

उत्तर : लॅपटॉप द्यायला हरकत नाही, फक्त त्याच्या वायफायला जपानी प्रमाणन चिन्ह आहे का ते पाहा; कारण शेवटी राउटरपाशी दिले आहे. चार्जरवर १००-२४० व्होल्ट छापलेले असते. फक्त दोन चपट्या पिनांचा अ‍ॅडॅप्टर लागेल. तिथल्या लॅपटॉपचा कीबोर्ड बहुधा जपानी मांडणीचा असतो, त्यामुळे हात बसलेला असेल तर इथलाच बरा. मात्र वॉरंटी जपानमध्ये चालते का, ते आधी विचारा.

खरी अडचण मिक्सरची. जपानच्या घरांत १०० व्होल्ट वीज येते. आपला २३० व्होल्टचा मिक्सर थेट लावला तर फिरेल, पण वाटणात पाते अडकेल. तसाच दाबून ठेवला तर मोटर तापेल. ७५० वॅटच्या मिक्सरला व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर किमान १५०० वॅटचा हवा, कारण सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते. हे धूड जड आणि महाग. त्याऐवजी अमेरिकेसाठी बनणारे ११० व्होल्टचे भारतीय मॉडेल घ्या. वेग किंचित कमी पडेल, पण खोबरे-मिरचीचे वाटण होईल. तिथले ब्लेंडर सरबताला ठीक, सुक्या वाटणाला नाहीत. जादा भांडे आणि कपलर (भांडे मोटरला जोडणारा भाग) सोबत द्याच, तिथे सहज मिळणार नाहीत.

राउटर नेऊ नका. जपानी तांत्रिक प्रमाणन चिन्ह नसलेले वायफाय उपकरण तिथल्या रहिवाशाने वापरणे बेकायदा आहे. इस्त्री आणि हेअर ड्रायरही व्होल्टेजच्या फरकामुळे तिथलेच घ्यावेत.