पेट्रोल की डिझेल ठरवण्याआधी पॉलिसीचे कागद बाहेर काढा

प्रश्न : वय ३४, पुण्यात हिंजवडीला नोकरी, हातात येणारा पगार ९५ हजार. घरी पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी, कमावणारा मी एकटाच. गृहकर्ज ४२ लाख बाकी, हप्ता ३६ हजार. कॉलेजपासून एक दमदार हॅचबॅक घ्यायचं मनात आहे. टर्बो पेट्रोल ऑनरोड साडेबारा लाखांना पडते, डिझेल १४ लाखांना. वर्षाला २० हजार किलोमीटर धरले तर डिझेलच परवडेल ना? जुन्या गाडीचे (पाच वर्षांत ४६ हजार किमी) दीड लाख येतील. गृहकर्ज घेताना बँकेने एक गॅरंटीड पॉलिसी दिली होती : वर्षाला १ लाख, १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी २२ लाख, विमा १० लाखांचा. तिच्यात माझे ३ लाख जमा आहेत. त्यावर कर्ज काढून डाउन पेमेंट करीन. उरलेल्या साडेनऊ लाखांचं सात वर्षांचं कर्ज घेईन, पण ५ हजारांची एसआयपी २० टक्क्यांनी वाढली की तिसऱ्या वर्षीच फेडून टाकीन. बँकेत दीड लाख आहेत. ऑफिसचा २० लाखांचा ग्रुप विमा आहे. पॉलिसीचा चौथा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.

उत्तर : पेट्रोल घ्या. आत्ता मात्र पेट्रोलही घेऊ नका.

गाडीचं आधी आटोपतो, कारण ते सोपं आहे. तुम्ही २० हजार किलोमीटर धरलेत, पण तुमच्या जुन्या गाडीचा मीटर पाच वर्षांत ४६ हजार दाखवतो. म्हणजे वर्षाला ९ हजार. ऑफिस तेच, घर तेच, रस्ता तोच. नवी गाडी आली म्हणून फिरणं थोडं वाढेल, १० हजार धरू. टर्बो पेट्रोल शहरात-हायवेवर मिळून १३ चा ॲव्हरेज देईल, डिझेल १८ चा. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरलं तर किलोमीटरला पेट्रोलचा खर्च ८ रुपये, डिझेलचा ५. फरक ३ रुपयांचा. वर्षाला ३० हजार वाचले. त्यासाठी आज दीड लाख जास्त मोजायचे, आणि तेही कर्जाने. साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांत त्या दीड लाखाचे २ लाख ६ हजार होतात. म्हणजे कर्ज संपेपर्यंत फक्त बरोबरी. खरंच २० हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हीच गाडी साडेतीन वर्षांत फायद्यात येते, त्याने डिझेल जरूर घ्यावी.

त्या दीड लाखात सरकारचाही वाटा आहे. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रस्ताकर लागतो, डिझेलला १४. शिवाय बीएस-६ (गाड्यांच्या धुरासाठीचे सरकारी निकष) डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात तो. त्यात साठलेली काजळी जळून जायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. रोज हिंजवडीच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला ते मिळत नाही, दिवा लागतो आणि वर्कशॉपची फेरी होते. फोक्सवॅगन पोलो जीटीची टीएसआय (पेट्रोल) आणि टीडीआय (डिझेल) शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या असत, तेव्हा हा प्रश्न खरोखर चुरशीचा होता. डिझेलचा तो खालच्या आरपीएमलाच पाठीत बसणारा जोर मला माहीत आहे, त्याची ओढ वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, मारुती आणि फोक्सवॅगन दोघांनीही डिझेल सोडलं, आणि आज डिझेल हॅचबॅक शोधावी लागते. तुमच्या वापराला पेट्रोलच.

आता तुम्ही जे विचारलं नाहीत त्याकडे येऊ.

‘पॉलिसीत माझे ३ लाख जमा आहेत.’ हे वाक्य वाचून मी थांबलो. जमा नाहीत. तुम्ही ३ लाख भरलेत, ती पॉलिसीची आजची किंमत नव्हे. तुमच्या काळातल्या अशा पॉलिसीला तिसऱ्या वर्षी सरेंडर केलं, म्हणजे मुदतीआधीच बंद करून पैसे मागितले, तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३५ टक्के मिळण्याची हमी असते. म्हणजे १ लाख ५ हजार. कंपनीची विशेष सरेंडर किंमत याहून थोडी जास्त असू शकते, पण ३ लाखांच्या जवळपासही नसेल. आणि पॉलिसीवरचं कर्ज सरेंडर किमतीच्या ८०-९० टक्के मिळतं. तुमचं ३ लाखांचं डाउन पेमेंट ८५-९० हजारांचं आहे. हे तुम्हाला शोरूममध्ये बुकिंगची रक्कम दिल्यावर कळलं असतं.

म्हणजे डिझेल घ्यायची तर कर्ज साडेनऊ नाही, साडेअकरा लाखांचं. हप्ता १९ हजार. तुमच्या पगारातून वजा करत जाऊ : घराचा हप्ता ३६, गाडीचा १९, पॉलिसीचे महिन्याला सव्वाआठ, एसआयपीचे ५. उरले साडेसव्वीस हजार. त्यातून इंधन, गाडीचा विमा, सर्व्हिसिंग आणि सोसायटीचा मेंटेनन्स गेला की १५ हजारांच्या आसपास राहतात. त्यात किराणा, दूध, वीज, मुलीची शाळा, औषधपाणी. पुण्यात हे होत नाही. दोन-तीन महिने क्रेडिट कार्डावर ढकलता येईल, पुढे नाही.

एसआयपीचंही पाहू. २० टक्के वर्षानुवर्षं मिळतील असं कुणी सांगितलं असेल तर त्याच्याकडून पुढे काहीही घेऊ नका. तरी मिळाले असं धरून चालू : महिना ५ हजारांचे तीन वर्षांनी अडीच लाखांच्या आसपास होतात. त्या दिवशी गाडीच्या कर्जातले साडेसात लाख बाकी असतील.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्या पत्नीच्या हातात पॉलिसीचे १० लाख आणि ऑफिसचे २० लाख येतील. समोर ४२ लाखांचं गृहकर्ज असेल. बँक आधी आपले पैसे घेईल. घर विकावं लागेल आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन त्यांना नव्याने सुरुवात करावी लागेल. ऑफिसचा विमा तर नोकरी असेपर्यंतच. ज्या महिन्यात नोकरी सुटेल त्या महिन्यात तोही गेला. तुम्ही वर्षाला १ लाख रुपये भरून कुटुंबाला १० लाखांचं संरक्षण दिलंय. त्या लाखाच्या पाचव्या भागात, म्हणजे वीस हजारांच्या आतबाहेर, तुमच्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला दीड कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा निव्वळ विमा) मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही राहिलेला नाही. दीड कोटीतून गृहकर्ज फेडलं तर १ कोटी ८ लाख उरतात, ६ टक्क्यांनी महिन्याला ५४ हजार. घर टिकतं, घरखर्च चालतो.

टर्म विमा याच आठवड्यात घ्या, निवृत्तीच्या वयापर्यंतचा, बाकी काहीही न जोडलेला. ‘हप्ते परत मिळणारा’ प्लॅन दाखवतील, तो नको. सिगारेट, बीपी, आधीची शस्त्रक्रिया, जे असेल ते अर्जात खरं लिहा. आणि अर्ज भरतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पॉलिसी घ्यायची आहे असं सांगा. मग ती रक्कम फक्त पत्नी आणि मुलीची राहते, तुमच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. हे नंतर जोडता येत नाही.

आता त्या गॅरंटीड पॉलिसीचं. गृहकर्जासोबत बँकेने ती ‘दिली’ असं तुम्ही लिहिता. कर्ज मंजूर करायला अशी पॉलिसी घ्यावीच लागते असा कोणताही नियम नाही. कर्जाची सही आणि पॉलिसीची सही एकाच टेबलावर घ्यायची, म्हणजे माणूस विचारत नाही, ही पद्धत मी इतक्या पत्रांत वाचली आहे की आता संताप येतो. ४२ लाखांचं कर्ज देणाऱ्याला तुमचा विमा १० लाखांचाच आहे हे दिसत होतं. त्याने तरीही हीच विकली, कारण टर्म विम्यात कमिशन फारसं नाही.

‘२० वर्षांनी २२ लाख हमखास’ याचा परतावा वर्षाला ५ टक्क्यांच्या जरासा वर पडतो. तेच १० हप्ते पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी गेले असते तर २० वर्षांनी साडेएकोणतीस लाख झाले असते, तेही सरकारी हमीचे. पीपीएफचा दर बदलू शकतो हे खरं, पण २०२० पासून तो इथेच आहे.

मात्र झालेली चूक आणि यापुढचा निर्णय वेगळे ठेवा. आज सरेंडर करून १ लाख ५ हजार घेतले, ते आणि उरलेले सात हप्ते पीपीएफच्याच दराने गुंतवले, तर सतरा वर्षांनी २२ लाखांच्या आसपासच पोचता. म्हणजे जवळजवळ २ लाखांचं नुकसान सोसूनही तिथेच. रागाच्या भरात सरेंडर करून यापेक्षा फारसं काही साधत नाही. तिसरा मार्ग आहे : पॉलिसी पेड-अप करणं. पुढचे हप्ते बंद, तीन हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेली रक्कम मुदतीअखेर मिळते, आणि वर्षाचे १ लाख मोकळे होतात. बहुतेक वेळा हाच मार्ग सरस ठरतो, म्हणून माझा कल त्याकडे आहे. पेड-अपची रक्कम आणि सरेंडर किंमत, दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा.

बँकेतले साहेब म्हणतील, चौथा हप्ता भरा, मग सरेंडर किंमत ५० टक्के होते. होते, खरं आहे. ४ लाखांचे ५० टक्के म्हणजे २ लाख. १ लाख घालून किंमत ९५ हजारांनी वाढली. ५ हजार गेले आणि लाख रुपये अडकले. तेच लाख बँकेतल्या दीड लाखात घाला. तुमच्या घरचा हप्ता आणि घरखर्च पाहता सध्याची गंगाजळी दोन महिनेही पुरणार नाही.

तक्रार करायची असेल तर आधी कंपनीकडे लेखी करा, दाद नाही लागली तर विमा लोकपाल आहेत, त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे. तीन वर्षांनी फसवून विकल्याचं सिद्ध करणं अवघड जातं. एखादा ईमेल किंवा मेसेज हाती असेल, ज्यात ‘कर्जासाठी सक्तीची’ असं लिहिलंय, तरच त्यात वेळ घाला.

गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. मनातली गाडी चाळिशीच्या आत घ्यावी, तेव्हाच तिची मजा आहे. पुढच्या महिन्यापासून २० हजार रुपये गाडीचा हप्ता समजून रिकरिंगमध्ये टाका. त्यातले सव्वाआठ हजार पॉलिसी थांबल्याने सुटलेलेच आहेत, टर्मचा हप्ता वजा जाता साडेसहा. बाकीचे पगारातून काढा. जमलं तर दीड वर्षात ३ लाख ६० हजार आणि वर व्याज. जुन्या गाडीचे लाख-सव्वालाख तेव्हाही येतील. साडेबारा लाखांच्या पेट्रोलला मग साडेसात लाखांचं कर्ज पुरेल, पाच वर्षांचं, हप्ता पावणेसोळा हजार. आणि २० हजार बाजूला काढणं सहाव्या महिन्यातच अवघड वाटलं, तर हॅचबॅकचं साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल मॉडेल बघा, किंवा चार वर्षं वापरलेली चांगली टर्बो.

क्रम सांभाळा. टर्म विम्याची पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी थांबवू नका, १० लाख का होईना, आज तेवढंच आहे. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, ती वापरा. आणि खात्यातून हप्ता आपोआप कापला जाण्याची जी सूचना बँकेला दिलेली असेल, ती मुदतीआधी रद्द करून पोच घ्या. नाहीतर तुम्ही आकडे येण्याची वाट बघत बसाल आणि ठरल्या तारखेला १ लाख गेलेले असतील. पेड-अपचा आकडा ५ लाखांच्या खाली आला, तर पुन्हा लिहा, मग सरेंडरचा हिशेब नव्याने करू.