टीबी संशोधन केंद्र चालवायचंय, तर एमबीए आधी की प्रयोगशाळा?

प्रश्न : मुलगी इंदूरलाच एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अनेक संस्था मिळून क्षयरोगावर संशोधन करतात, तसं केंद्र पुढे सांभाळायचं तिच्या मनात आहे. तिचे बाबा म्हणतात, लगेच हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए कर. काय करावं? – एक आई, सुदामानगर, इंदूर

ताई, एमबीए आत्ता नको. अशा केंद्राचं प्रशासन थुंकीच्या डबीपासून सुरू होतं, आणि ते वर्गात शिकता येत नाही.

समजा, चार संस्थांतून नमुने एका प्रयोगशाळेत येतात. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून द्रव माध्यमातलं कल्चर (नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं) निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. एका संस्थेचे नमुने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये न ठेवता तसेच पडून राहिले, तर इतर जंतू माजतात आणि कल्चर वाया जातं. असं दूषित होण्याचं प्रमाण साधारण ८-१० टक्क्यांपर्यंत चालतं. त्यापुढे गेलं तर दोष डबीत, गाडीत की प्रयोगशाळेत, हे शोधावं लागतं. फारच कमी झालं तरी खूश होऊ नये: नमुन्यातले इतर जंतू मारायला घातलेला सोडियम हायड्रॉक्साइड कडक पडून क्षयाचे जंतूही मरत असतील. चूक कळेपर्यंत सहा आठवडे गेलेले असतात. म्हणून चारही ठिकाणचे आकडे दर आठवड्याला बघणारा प्रमुख लागतो, आणि बघून त्याला अर्थ कळायला हवा.

दुसरी अडचण कागदांची. प्रत्येक संस्थेची एथिक्स कमिटी (संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय का, हे तपासणारी समिती) वेगळी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संयुक्त परीक्षणाची सोय आहे, तरी स्थानिक देखरेख त्या-त्या कमिटीकडेच राहते. एका कमिटीने संमतीपत्रात बदल सुचवला आणि बाकीच्यांकडे जुनीच प्रत चालू राहिली, की पुढे नमुने एकत्र वापरताना अडतं. प्रत्येक प्रतीवर आवृत्ती क्रमांक आणि तारीख हवीच. औषधाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे औषध-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी, आणि परदेशी भागीदार असेल तर एचएमएससी या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी.

पैशाचं दुखणं याहून मोठं. एका संस्थेचं उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला निधी ठरलेल्या कामालाच खर्च झाला, याचा दाखला) अडकलं, की पुढचा हप्ता सगळ्यांचाच थांबू शकतो. पगार रखडला की घरोघरी जाणारे कार्यकर्ते सोडून जातात, रुग्णांचा पाठपुरावा तुटतो, आणि दोन वर्षांच्या कामाला भोक पडतं. हिशेबाच्या वहीत हे दिसत नाही, म्हणून नुसता हिशेबनीस प्रमुख होऊ शकत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. एम.एस्सी.नंतर दोन वर्षं प्रकल्पातली नोकरी. घराजवळ हवी तर इंदूरचं मनोरमाराजे टीबी रुग्णालय आणि भोपाळ इथले प्रकल्प बघा, बाहेर पाठवायची तयारी असेल तर चेन्नईची एनआयआरटी (राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था) किंवा आग्र्याची जालमा (कुष्ठरोग आणि क्षयासारख्या जंतूंवर संशोधन करणारी संस्था). कंत्राटी असते, पगार बेताचा, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. सोबत एनआयईचा (आयसीएमआरची चेन्नईतली साथरोग संस्था) बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स आणि सीएसआयआर-नेट या संशोधनासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेची तयारी. मग पीएच.डी., तिला पाच वर्षं धरा. तिचा ओढा जंतूंपेक्षा रुग्णांकडे आणि आकड्यांकडे दिसला, तर टिसचं (टाटा समाजविज्ञान संस्था) एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, चांगलं. मॅनेजमेंटचा छोटा कोर्स यानंतर करावा, तेव्हा उपयोगी पडतो. एक मर्यादा मात्र स्पष्ट असू द्या: औषध-चाचणीत रुग्णांची जबाबदारी डॉक्टरकडेच राहते. तिच्या वाट्याला प्रयोगशाळा, माहिती किंवा समन्वयाचं नेतृत्व येईल, आणि ते मोठंच आहे.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण संसर्गाची धास्ती वाटत असेलच. कल्चरचं काम ऋण दाबाच्या खोलीत (जिथली हवा बाहेर पसरत नाही), बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये (हवा गाळणारी बंदिस्त पेटी) आणि एन-९५ लावून होतं. कॅबिनेटचं प्रमाणीकरण शेवटचं कधी झालं, हे मुलीने रुजू होण्याआधी बेधडक विचारावं.

मुलाखतीत तिने आणखी दोन प्रश्न विचारावेत: नमुने किती ठिकाणांहून येतात, आणि त्यांच्या बैठकीत मला बसायला मिळेल का? नुसतं संगणकात आकडे भरायचं काम असेल, तर ती जागा सोडून पुढची बघावी.