आत्ताच तर गेली होतीस!

"मॅडम, प्रवास ठरला की मला पहिला प्रश्न एकच पडतो. वाटेत बाथरूमला जायला मिळेल ना? गाडी कुठली, मुक्काम कुठे, ते सगळं नंतर. आणि मिळणार नाही असं वाटलं, तर मी जातच नाही. काहीतरी कारण सांगते."

ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी थोड्याफार फरकाने कितीदा ऐकलं आहे. बायकांकडून जास्त, पण साठी उलटलेल्या पुरुषांकडून आणि कॉलेजच्या मुलींकडूनही. यासाठी म्हणून मात्र कोणी येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, घराबाहेर पडावंसं वाटत नाही, अशा तक्रारी घेऊन येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत, निघता निघता दाराशी उभं राहून हे सांगतात. म्हणून आज यावरच लिहिते आहे. जिची गोष्ट सांगते तिची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण शुभांगीताई म्हणू.

शुभांगीताई शेहेचाळीस वर्षांच्या. ऐरोलीतल्या एका कंपनीत हिशेबाचं काम. पहिल्या दिवशी त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि बोलता बोलता पर्समधून एक छोटी डायरी काढली, विमा एजंट दिवाळीला देतो तसली. तिच्यात ठाणे ते ऐरोली आणि घोडबंदर रोडवर थेट कासारवडवलीपर्यंतची स्वच्छतागृहं लिहिलेली होती. "मॉल, तळमजला, अकरानंतर." "पेट्रोल पंप, किल्ली ऑफिसात मागायची." "पाणी नाही, बाटली न्यावी." "कडी तुटकी, बाहेर कोणीतरी उभं हवं." काही ओळींवर काट मारलेली होती. त्या जागा बंद पडल्या होत्या.

मी ती डायरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. त्या जरा ओशाळल्या होत्या. "वेड्यासारखं वाटतं ना?" म्हणाल्या. मला ते अजिबात वेड्यासारखं वाटलं नाही. या शहरात रोज घराबाहेर दहा-बारा तास काढणाऱ्या बाईने डोळे उघडे ठेवून गोळा केलेली ती माहिती होती आणि तिचा एकेक शब्द खरा होता.

सुरुवात झाली दोन पावसाळ्यांपूर्वी. तेव्हा त्या कंपनीच्या गाडीने येत. एका संध्याकाळी विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं आणि गाडी दिघ्याच्या पुढे अडकली, ती दोन तास हललीच नाही. गाडीत सगळे सहकारी, त्यातले बहुतेक पुरुष. बाहेर मुसळधार. त्यांना लघवीला लागली होती आणि ते बोलायची सोय नव्हती. कशाबशा घरी पोचल्या, पण दाराशी लॅचमध्ये किल्ली फिरवता फिरवता थोडं कपड्यातच झालं. कोणी पाहिलं नाही, घरातही कोणाला कळलं नाही. त्यांना मात्र ते रोज आठवायचं.

मग एकेक नियम आले. कंपनीची गाडी बंद, ट्रान्स-हार्बर लोकल सुरू. सकाळचा चहा बंद. निघण्याआधी तीनदा बाथरूम. ऑफिसला पोचेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मोठा प्रवास असला तर आदल्या रात्री नऊनंतर पाणी नाही. मुलगी पुण्याच्या हॉस्टेलवर राहायला गेली तेव्हा तिला सोडायला एकटे बाबा गेले. आणि आता तीन महिन्यांवर भाचीचं लग्न होतं, सांगलीला. वऱ्हाडाची बस, सात-आठ तास. "मी नाही गेले तर ताई आयुष्यभर बोलणार नाही," असं म्हणून त्या पहिल्यांदा रडल्या.

मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. हे मी प्रत्येकालाच सांगते आणि वाचणाऱ्यांनाही सांगते. वारंवार लघवीला होण्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, मधुमेह असू शकतो, पन्नाशीपुढच्या पुरुषांत प्रोस्टेटची वाढ असू शकते. जळजळ, लघवीतून रक्त, ताप, खूप तहान, खोकताना-शिंकताना लघवी सुटणं, रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागणं, यातलं काहीही असेल तर समुपदेशकाकडे येण्याआधी तपासणी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

शुभांगीताईंचे लघवीचे, साखरेचे रिपोर्ट आणि सोनोग्राफी, सगळं ठीक आलं. त्याने त्यांना बरं वाटण्याऐवजी वाईटच वाटलं. "म्हणजे माझ्या मनाचेच खेळ."

तसं नव्हतं, आणि ते शब्दांनी पटलं नसतं. मी त्यांना स्वयंपाकघरातला एक जुना मापाचा कप बाजूला काढायला सांगितला. तीन दिवस, प्रत्येक वेळी मोजायचं आणि लिहायचं. हिशेबाची माणसं ती, नोंद चोख आणली. दिवसात तेरा-चौदा वेळा. आणि माप? ८०, ९०, ७०, ११० मिलिलिटर. फक्त सकाळी उठल्यावरचा आकडा वेगळा होता: ३८०. तो वाचून मी विचारलं, "रात्री उठलात का?" "नाही हो, रात्री एकदा डोळा लागला की सकाळीच."

आम्ही दोघी त्या ३८० कडे बघत राहिलो.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावतं. दीडशे-दोनशेच्या आसपास पहिली जाणीव होते आणि ती जाणीव लाटेसारखी असते, चढते आणि लक्ष तिच्यावरून हटलं की मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते. पुन्हा येते, थोडी जोरात. पण "असू दे, जाऊन येते" म्हणून आपण रोज दहा वेळा सत्तर-ऐंशीलाच रिकामं करायला लागलो, की ते तेवढ्यावरच हाक मारायला शिकतं. त्यात भीतीने अंग ताठलेलं असलं की हाक आणखी मोठी ऐकू येते. शुभांगीताईंचं मूत्राशय झोपेत ३८० धरत होतं. जागेपणी ते ऐंशीला ओरडत होतं. म्हणजे जागा होती, सवय बिघडली होती, आणि बिघडलेली सवय पुन्हा लावता येते.

पाण्याचं मात्र त्यांना पटेना. कमी प्यायलं की कमी होणार, सरळ गणित आहे, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आईने."

लहानपणी मे महिन्यात एसटीने गावी जायचे. आदल्या रात्रीपासून आई पाणी प्यायची नाही. प्रवासात बायकांनी पाणी प्यायचं नसतं, हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की तो नियम आहे असंच वाटायचं. रात्रीची गाडी कुठेतरी थांबायची, पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि बायका घोळक्याने अंधारात गाडीच्या मागे जायच्या. दोघी पदर धरून आडोसा करायच्या. एकदा मागून ट्रक आला आणि त्याच्या दिव्यांत सगळ्या एकदम उजळून निघाल्या. "आईचा चेहरा मला अजून दिसतो," शुभांगीताई म्हणाल्या. यानंतर बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही.

माझं मत मी स्पष्ट लिहिते. ही चिंता दोन धाग्यांनी वळलेली असते. एक धागा मनाचा आणि सवयीचा, तो माझ्या खोलीत सोडवता येतो. दुसरा बाहेरचा: स्वच्छतागृहं खरोखरच कमी आहेत, असतात तिथे कडी नसते, पाणी नसतं, कुलूप असतं. बाईला "तू उगाच घाबरतेस" म्हणणारा माणूस हा दुसरा धागा नाकारतो, आणि मग ती पहिल्याबद्दलही बोलत नाही. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, या नावाने कार्यकर्त्या हेच मांडत आल्या. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ च्या डिसेंबरात महापालिकांना बजावलं, की रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं देणं हे त्यांचं कर्तव्य आहे. हे मी शुभांगीताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ते डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं.

आईची युक्ती आईच्या काळात नाइलाजाची होती. पण ती शरीराला महागात पडते. पाणी कमी प्यायलं की लघवी गडद होते, मूत्राशयाला आतून चुरचुरते आणि उलट लवकर लागते. संसर्गाचा, मुतखड्याचा धोका वाढतो. बद्धकोष्ठ होतं आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. आम्ही ठरवलं की दिवसभरात दीड ते दोन लिटर, पण घोट-घोट, निघण्याआधीच्या तासात थोडं कमी. एकदम तांब्याभर प्यायचं नाही. चहा-कॉफी प्रवास संपल्यावर.

मग सराव. घरी, सुट्टीच्या दिवसापासून. सध्या साधारण सव्वा तासाने जात होत्या, तर दीड तास थांबायचं. जमलं की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. मधे लाट आली की धावायचं नाही, कारण धावलं की शरीराला वाटतं खरंच संकट आहे. असाल तिथे थांबा किंवा बसा. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच-सहा वेळा पटापट आवळा आणि सोडा. टाचा वर-खाली करा. श्वास सावकाश बाहेर सोडा आणि शंभरातून सात-सात वजा करत या. लाट ओसरली की मग चालत जा, किंवा जाऊही नका. तीन-साडेतीन तासांचं अंतर आलं की पुरे. सोय नाही म्हणून सात-आठ तास दाबून धरणं म्हणजे सराव नव्हे, ते टाळायचंच.

(ज्यांना भीती शौचाची आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. खाल्ल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, सकाळी सर्वात जास्त. त्यामुळे निघण्याआधी दीड-दोन तास उठून गरम काहीतरी पिऊन, खाऊन घ्या आणि घरीच वेळ द्या. उपाशी निघून वाटेत वडापाव खाल्ला, तर व्हायचं ते गाडीत होतं. पोट वारंवार बिघडत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा.)

चौथ्या आठवड्यात मी त्यांच्या मिस्टरांना बोलावलं. भला माणूस. पण गाडी चालवताना बायकोने "जरा थांबवा ना" म्हटलं की त्यांच्या तोंडून हटकून निघायचं, "आत्ताच तर गेली होतीस!" रागाने नाही, सवयीने. मी शुभांगीताईंना त्यांच्यासमोरच विचारलं, हे ऐकल्यावर तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी सांगतच नाही. पाणी कमी पिते." मिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांना हे खरोखरच ठाऊक नव्हतं. त्यांना मी एवढंच सांगितलं: दर दोन तासांनी कोणी न मागता गाडी थांबवायची. मागावं लागणार नाही हे कळलं, की अर्ध्या वेळा लागतच नाही.

आता बाहेरचे टप्पे. पहिला, ठाणे ते मुलुंड, एक स्टेशन, निघण्याआधी बाथरूमला न जाता. दुसरा, ठाणे ते वाशी, अर्ध्या तासाचा प्रवास, दाराजवळ उभं न राहता खिडकीशी बसून. तिसरा, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी बसने घोडबंदर रोडवर गायमुखपर्यंत. चौथा, ठाण्याहून पुणे. प्रत्येक वेळी निघताना भीती किती ते शंभरात लिहायचं, पोचल्यावर पुन्हा. मुलुंडला निघताना ७०, पोचल्यावर २०. वाशीला पहिल्यांदा ८५. तिसऱ्यांदा ४०.

चौथ्यांदा वाशीला जाताना बिनसलं. त्या मधेच एका स्टेशनवर उतरल्या, जवळजवळ धावत गेल्या, आणि स्वच्छतागृहाला कुलूप. त्यांच्या मनात जे दोन वर्षं होतं तेच समोर. बाहेर रस्त्यावर आल्या, समोर एक दाताचा दवाखाना होता. आत शिरल्या आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "मला बाथरूम वापरायचंय, चालेल का?" ती म्हणाली, "या ना मावशी, आत डावीकडे." एवढंच. माझ्याकडे आल्या तेव्हा मला वाटलं होतं हरल्यासारख्या येतील. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाला मोठ्याने विचारलं." आम्ही मग तेच धरलं. मेडिकलवाल्याला, हॉटेलात, पेट्रोल पंपावर. पंपावर तर स्वच्छतागृह फुकट वापरता येतं, पेट्रोल भरायची अट नाही. दरवेळी स्पष्ट आवाजात, माफी न मागता.

आणि झालंच कपड्यात तर? हेही आम्ही शेवटपर्यंत बोललो. पर्समध्ये एक पॅड, पिशवीत एक जोडी कपडे, गडद ओढणी. सगळं ठेवलं. मी विचारलं, समजा झालं, पुढच्या अर्ध्या तासात काय कराल? त्यांनी एकेक पायरी सांगितली. शेवटी म्हणाल्या, "आणि मग पोचल्यावर आंघोळ करीन." एवढं बोलून त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.

लग्नाला त्या गेल्या. वऱ्हाडाची बस पहाटे निघाली, एक्स्प्रेस वेवर फूड मॉलला थांबली, सगळं ठीक झालं. पुढे साताऱ्यानंतर एका टपरीपाशी चहाला थांबली, तिथे बायकांसाठी काहीच नव्हतं. बस पुन्हा सुटली. शुभांगीताई उठल्या, दांड्याला धरत पुढे गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "दादा, पुढचा पेट्रोल पंप दिसला की थांबवा. बायकांना जायचंय." मागून कोणीतरी म्हणालं, आत्ताच तर थांबलो होतो. त्या वळून म्हणाल्या, "तुम्ही थांबला होतात."

पंपावर त्या उतरल्या. त्यांच्या मागोमाग नऊजणी उतरल्या. शेवटी उतरली ती त्यांची थोरली वन्सं, जिने सकाळपासून पाण्याला हात लावला नव्हता. गेल्या आठवड्यात तिचा मला फोन आला. गुरुवारची वेळ दिली आहे.