कुठला मिकी काढतोयस?

"मिकी आता सगळ्यांचा झाला" म्हणत तू टी-शर्टवर मिकी माऊस छापायला निघालास, पण हे अर्धंच खरं आहे, मित्रा. अमेरिकेत 1 जानेवारी 2024 ला कॉपीराइटमधून सुटला तो 1928 च्या 'स्टीमबोट विली' या कार्टून फिल्ममधला मिकी: काळा-पांढरा, लांब शेपटीचा, हातमोजे नसलेला. पुढच्या फिल्म्समध्ये बदलत गेलेल्या रूपाचा कॉपीराइट वेगळा मोज. म्हणून संदर्भाला मूळ फिल्मच लाव, नेटवरचं कुठलंही चित्र नको. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

ट्रेडमार्क, म्हणजे माल कोणत्या कंपनीचा ते सांगणाऱ्या नाव-चिन्हावरचा हक्क, वेगळाच. तो वापरात असेतो नूतनीकरण करून टिकवता येतो. टी-शर्ट डिस्नीचाच वाटेल अशी मांडणी करू नकोस, स्वतःचं नाव ठळक टाक.

आणि भारतात चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. इथे विकणार असशील तर छपाईआधी वकिलाला विचार.