तोरणमाळला चालायला जाताना

प्रिय भाऊ,

अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतरच्या चार दिवसांच्या यादीत तू तोरणमाळ, पाल, मनुदेवी आणि पाटणादेवी असं सगळंच घातलं आहेस. यातलं एकच ठेव, सातपुड्यातलं तोरणमाळ. चार ठिकाणं धरलीस तर निम्मी सुट्टी गाडीत जाईल आणि पाय मोकळे होईपर्यंत पिशव्या भरायची वेळ येईल. एका जागी सलग तीन रात्री राहा. पाटणादेवी आणि तिथून जवळची पितळखोरा लेणी यांच्यासाठी पुढे कधीतरी वेगळे दोन दिवस काढ. ते रान घाईत बघायचं नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात धुकं आणि घाटातल्या दरडी असतात. मार्चनंतर साग निष्पर्ण होतो, सावली उरत नाही, झरेही आटत जातात. महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते. ती बघण्यासारखी आहे, पण विसाव्यासाठी ते दिवस टाळ. पठार सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, म्हणून पायथ्याकडच्या शहाद्यात उकडलं तरी स्वेटर आणि कानटोपी पिशवीतून काढू नकोस. रोख पैसे, औषधं आणि पेट्रोल शहाद्यातच घे. पुढे म्हसावदवरून घाट लागतो.

पहिल्या दिवशी फक्त यशवंत तलावाच्या काठाने फीर. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी उजाडताच निघ आणि अकरापर्यंत परत ये. तुला झेपेल त्याच्या निम्मंच अंतर धर. चढावर सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले तर वेग जास्त आहे असं समज. दुपारी झोप काढ. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण दरीत अंधार त्याआधीच दाटतो, म्हणून संध्याकाळी सीताखाईच्या दरीच्या बाजूला गेलास तरी खाली उतरू नकोस.

रानात शिरताना गावातला पावरा किंवा भिल्ल वाटाड्या घेच. सातपुड्यात गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा सारख्याच दिसतात. गुरांची वाट चाऱ्यापाशी किंवा पाण्यापाशी संपते आणि तिथून पुढे माणूस चुकतो. मोबाइलच्या नकाशावर विसंबू नकोस. मजुरी आधी ठरव आणि घासाघीस करू नकोस. कुठल्या वाटेला वनखात्याची परवानगी लागते, हेही त्यालाच आधी विचार.

आता पायांचं, कारण सुट्टी बिघडते ती बहुतेक इथेच. नवे बूट घालून येऊ नकोस, निदान दोन-तीन आठवडे गावात वापरून ते मऊ कर. सुती मोजे घामाने ओले राहतात आणि फोड आणतात, त्यापेक्षा लोकरीचे किंवा नायलॉन मिसळलेले घे. टाचेला चटका जाणवला की तिथेच थांबून चिकटपट्टी लाव. फोड आल्यावर पट्टीचा फारसा उपयोग नसतो. नखं दोन दिवस आधी काप. उतरण सुरू होण्यापूर्वी नाडी घोट्यापाशी घट्ट बांध, नाहीतर बोटं पुढे घसरून अंगठ्याचं नख काळं पडतं. या दिवसांत सागाची गळलेली मोठी पानं उतारावर पसरतात आणि त्यांच्याखाली सुटा मुरूम असतो. तिथे टाच रोवून मोठी ढांग टाकली की माणूस सरळ पाठीवर पडतो. पाऊल आखूड टाक, पूर्ण तळवा टेकव, गुडघा किंचित वाकलेला ठेव आणि काठी उताराच्या बाजूला टेक.

सकाळच्या फेरीला माणशी दोन लिटर पाणी लागतं. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच पी, वर गुरं असतात. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाल, चमचा चहाचा. मिठात हात सैल सोडू नकोस. खायला दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बरोबर घे. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. भरीत-भाकरी रात्रीसाठी ठेव.

पूर्ण बाह्यांचा सदरा घाल. खाजकुइरीच्या तपकिरी, लवदार शेंगा याच दिवसांत वाळतात आणि नुसत्या वाऱ्यानेही त्यांची कुसं अंगावर येतात. चोळलंस तर ती आणखी रुततात. चिकटपट्टी लावून ओढून काढ, मग धू, आणि ते कपडे वेगळे बांध. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. साप चावला तर कापू-बांधू नकोस. तो भाग हलू न देता थेट दवाखाना गाठ.

परतीच्या दिवशी चालणं ठेवू नकोस. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेव. सतत दाबलेले ब्रेक तापून पकड सोडतात. तारखा ठरल्या की कळव, आणि रोज कुठल्या वाटेने जाणार ते मुक्कामाच्या ठिकाणी लिहून ठेवून नीघ.

तुझा,
काका