द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट वाचताना

येशूने सांगितलेली ही गोष्ट बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, पण थेट मत्तय २० उघडू नका. १९:१६ ते २०:१६ (अध्याय:वचन) सलग वाचा, तेही मोठ्याने. अध्यायांचे आकडे पुष्कळ नंतर पडले. १९:२७ मध्ये येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्हाला काय मिळणार? ही गोष्ट त्याचंच उत्तर आहे. तो प्रश्न नजरेतून सुटला की मळ्याचा मालक अन्यायी वाटू लागतो. नवख्यांचं इथेच चुकतं.

नाशिकला छाटणीच्या दिवसांत भल्या सकाळी कामासाठी उभे असलेले मजूर डोळ्यांपुढे आणा. गोष्टीतला मालक दिवसभर वेगवेगळ्या ताशी मजूर लावतो आणि सगळ्यांना एकेक दिनार देतो. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. अकराव्या ताशी, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास आलेल्यालाही तो पूर्ण मिळतो. वाटप शेवटच्यापासून होतं, म्हणून तर पहिल्यांना ते दिसतं! वचन ८ खाली पेन्सिलीने रेघ ओढा. प्रत्येक तासाचा गुप्त अर्थ शोधत बसू नका. वचन १५ मधल्या मालकाच्या प्रश्नापाशी मात्र थांबा, आणि तिथेच प्रार्थना करा.