पांढऱ्या फुलांचे तण: आधी मूळ बघा, मग औषधाचे बोला

प्रश्न (दारव्हा तालुक्यातून): हरभऱ्याच्या वावरात धुऱ्याला लागून बारीक पांढऱ्या फुलांचे तण आहे. निंदण केले की पंधरा दिवसांत पुन्हा फुटते. तीन वर्षांपासून त्याच जागी येते. मोबाईलच्या ॲपवर फोटो टाकला तर ‘होअरी क्रेस’ असे नाव आले, मोहरीच्या कुळातले बहुवर्षायू तण म्हणे. दुकानदार टू-फोर-डी मारा म्हणतो. मारू का?

उत्तर: भाऊ, शेवटचे आधी सांगतो. टू-फोर-डी मारू नका. ते रुंद पानांच्या झाडांना मारणारे औषध आहे, आणि हरभरा रुंद पानांचाच आहे. तण मरो न मरो, चणा हातचा जाईल. शेजारी पऱ्हाटी अजून उभी असेल तर वाऱ्यावर गेलेल्या तुषारांनीही तिची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, आक्रसलेली निघतात. त्याच पंपाने पुढच्या हंगामात कपाशी फवारली, तर टाकीत उरलेला अंशही तेवढेच नुकसान करतो.

आता ओळखीचे. तुम्ही पाठवलेला फोटो वरून काढलेला आहे. त्यात पांढरी फुले आणि थोडी पाने एवढेच दिसते. एवढ्यावर ॲपने नाव सांगितले, मी सांगणार नाही. होअरी क्रेस, म्हणजे शास्त्रीय नावाने लेपिडियम ड्राबा, मूळचे पश्चिम आशिया आणि लगतच्या युरोपातले. आपल्या देशात ते उत्तर-पश्चिमेकडच्या भागांतले. विदर्भाच्या काळ्या जमिनीत ते असण्याची शक्यता मला कमी वाटते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून झाड हातात घेऊनच ठरवू.

एक फूल तोडा आणि उन्हात धरून बघा. मोहरी, मुळा, अहळीव या कुळाच्या फुलाला चारच पाकळ्या असतात, समोरासमोर, अधिकच्या चिन्हासारख्या. आत सहा पुंकेसर: चार लांब, दोन आखूड. पान चुरगळले तर मुळ्यासारखा उग्र वास येतो. मग खालच्या वाळत आलेल्या फुलांच्या जागी शेंग बघा. होअरी क्रेसची शेंग लांब नसते. चार मिलिमीटरच्या आसपासची, हृदयाच्या आकाराची, किंचित फुगीर, आणि टोकाला पराग झेलणाऱ्या नळीचा काटा तसाच राहिलेला असतो. वरची पाने देठाशिवाय थेट खोडाला मिठी मारून बसतात, पानाच्या बुडाला दोन कान दिसतात. त्याच लेपिडियम गटातले दुसरे बहुवर्षायू झाड, लेपिडियम लॅटिफोलियम, माणसाच्या कमरेच्या वर जाते आणि त्याची पाने खोडाला अशी कवटाळत नाहीत. लडाखमध्ये त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात.

चार पाकळ्या दिसल्या म्हणून लगेच मोहरीचे कूळ धरू नका. पांढरी तिळवण इथेच फसवते. तिलाही चार पाकळ्या, सहा पुंकेसर आणि लांब बारीक शेंग. पण तिचे पान हाताच्या पंजासारखे, बहुधा पाच पर्णिकांचे असते, अंगाला चिकटपणा असतो आणि पुंकेसर फुलाच्या मधोमध उभ्या लांब दांडीवर निघालेले दिसतात. ती वर्षायू आहे, मुळातून परत येत नाही. गाजरगवताचा तर प्रश्नच वेगळा. त्याचे पांढरे फूल म्हणजे बारीक फुलांचा गेंद, कडेला पाच ठिपके. वर्षभरात त्याच्या अनेक पिढ्या उगवतात, म्हणून ते कायम तिथेच आहे असे वाटते. ते तपासताना हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते.

आणि मला खरा संशय आहे तो हरणखुरीवर. फूल पांढरे किंवा फिकट गुलाबी, पण पाकळ्या सुट्या नसून एकसंध नरसाळे. पान बाणाच्या टोकासारखे, देठ मोडला की पांढरा चीक. ‘उपटले की परत फुटते, त्याच जागी येते’ हे तुमचे वर्णन तिला पुरेपूर लागू पडते.

म्हणून कुदळ घ्या. ओल असताना एक झाड हातभर खोलपर्यंत हळू उकरा, ओढू नका. मूळ बारीक सोटासारखे एकटेच खाली गेले असेल तर ते वर्षायू. मूळ आडवे पळत असेल, त्याच्यावर पांढरे डोळे असतील आणि शेजारचे दुसरे झाड त्याच मुळाला लागलेले निघाले, तर ते बहुवर्षायू. मग ते होअरी क्रेस असो की हरणखुरी, बंदोबस्ताची रीत बरीचशी सारखीच.

त्या पट्ट्यात रोटाव्हेटर घालू नका. मुळाचे बोटाच्या पेराएवढे तुकडेही कोंब धरतात, आणि रोटाव्हेटर ते वावरभर पसरवतो. डवऱ्यालाही तोच नियम: त्या पट्ट्यापाशी डवरा उचला, पात्याला अडकलेले मूळ तिथेच काढा. चार काठ्या रोवून जागा आखून घ्या. मुळात साठवलेल्या अन्नावर ते परत येते, म्हणून एकदा उपटून भागत नाही. कळी धरायच्या आत कापायचे, फुटले की पुन्हा कापायचे, असे दोन-तीन हंगाम न चुकता. पेरणीनंतर मारायची पेंडीमिथॅलिनसारखी औषधे बियांतून निघणाऱ्या कोंबांवर चालतात, जुन्या मुळावर नाही. पीक निघाल्यावर एप्रिल-मे महिन्यांत तो तुकडा खोल नांगरून मुळे वर आणा, वेचून वाळवा आणि जाळा. आपले ऊन इथे कामी येते. ग्लायफोसेट या तणनाशकाचे म्हणाल तर केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली आहे. दुकानदाराच्या शब्दावर ते उचलू नका. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, हे मी प्रत्येक उत्तरात सांगतो आणि सांगत राहीन.

प्रश्न (देवळी तालुक्यातून): असेच पांढऱ्या फुलांचे तण यंदा लसूणघासात दिसले. बियाणे बाहेरून आणले होते. गाईंना घालू का?

उत्तर: ताई, ओळख पटेपर्यंत घालू नका. गाजरगवत निघाले तर दूध कडवट होते, मोहरीच्या कुळातले निघाले तर दुधाला वास लागतो. तुमचा प्रश्न मला दारव्ह्याच्या प्रश्नापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. होअरी क्रेस अमेरिकेत पसरले ते याच लसूणघासाच्या भेसळयुक्त बियाण्यातून. उरलेले बियाणे पेरू नका, पिशवीवरचे लेबल आणि पावती जपून ठेवा.

दोघांनीही एक करा. मूळ, पान, फूल आणि शेंग असलेले अख्खे झाड वर्तमानपत्राच्या घडीत दाबा, कागद रोज बदला, वर गाव, पीक आणि तारीख लिहा. आठवडाभरात वाळले की जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माझ्या कार्यालयात आणून द्या. तिथे ओळख पटली नाही, तर नमुना अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे किंवा जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडे पाठवता येतो. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणू नका, वाटेतच सडते.